रिफ्राइड बीन्स: डबा न आणता, कमी खर्चात, घरच्या घरी

दुपारचं_ऊन
मंडळी, आमच्याकडे रिफ्राइड बीन्स, म्हणजे शिजवून, चेचून तेलात परतलेल्या बीन्स, फार होतात. टोस्टाडावर (कुरकुरीत मक्याच्या पोळीवर), बरिटोत, कधी नुसतेच वाटीत घेऊन. आजवर विकतचे तयार डबे आणत आले, पण खाणारी तोंडं चार आणि एका डब्यात काही भागत नाही. शिवाय डब्यात मीठ इतकं असतं की मुलांना वरचेवर द्यायला हात धजावत नाही. म्हणून आता सुक्या बीन्स आणून घरीच करायचं ठरवलंय.

आमच्या घरी शाकाहार आहे, त्यामुळे यात घालतात त्या डुकराच्या चरबीचा प्रश्न बाद. तिच्याशिवाय ती चव येते का? बीन्स कुठल्या घ्यायच्या, भिजवायच्या की नाही, आणि एकदम जास्त करून ठेवल्या तर किती टिकतात? डब्यातले बीन्स गरम असतात तोवर छान असतात, गार झाले की घट्ट गोळा होतो, त्याचंही काही करता येईल का?

माझं मत आधीच सांगून टाकते. स्वस्त करायचं म्हणून चवीत तडजोड नको. हा पदार्थ मेक्सिकोत साध्या, कष्टकरी घरांच्या चुलीवर वाढलेला आहे. तो कमी पैशांत चांगला झालाच पाहिजे.

रानपाखरू
रुमाल टाकून ठेवते. मलाही हवंच आहे हे.

हिशेबनीस
आधी आकडे बोलूया. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सुक्या पिंटो बीन्स शिजल्यावर जवळपास ६ कप होतात. रिफ्राइड बीन्सच्या नेहमीच्या १६ औंसाच्या डब्यात पावणेदोन कप माल. म्हणजे एक पौंड सुक्या बीन्स बरोबर तीन ते चार डबे. आपापल्या दुकानातले भाव यात घालून बघा. त्यात तेल, एक कांदा, लसूण आणि इंधन धरलं तरी पारडं सुक्या बीन्सकडेच झुकतं.

इंधन मात्र धराच. उघड्या पातेल्यात दीड-दोन तास रटरटत ठेवलं तर बचतीचा एक लचका तिथेच जातो. ज्यांच्याकडे प्रेशर कुकर आहे त्यांनी तोच वापरावा.

पाटावरवंटा
दुपारचं_ऊन ताई, मी मेक्सिकोतल्या पुएब्लात काही वर्षं राहिले आहे, तिथे शेजारणींकडून शिकलेली रीत लिहिते. लांबेल, पण पदार्थ साधा असला तरी खुब्या बऱ्याच आहेत.

तिथे कोणी रिफ्राइड बीन्स 'करायला' म्हणून बसत नाही. आधी 'फ्रिहोलेस दे ला ओया' होतात, म्हणजे भांडंभर साधे शिजवलेले बीन्स. पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, शेवटी मीठ, बस. पहिल्या दिवशी ते कढणासकट वाटीत घेऊन खायचे. दुसऱ्या दिवशी उरलेले तेलात किंवा चरबीत परतायचे, ते रिफ्राइड. म्हणून सांगते, अर्धी लढाई बीन्स नीट शिजवण्यात आहे. बोटांत धरून चेपला की दाणा लोण्यासारखा दबला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. कच्चट राहिलेला दाणा परतताना शिजेल या भरवशावर राहू नका. तो शिजत नाही, नुसता कोरडा होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कढण ओतून देऊ नका. चव तिथे, दाटपणा तिथे. एक थेंबही सिंकमध्ये जायला नको.

परतायची रीत अशी. जाड बुडाच्या कढईत ३ कप शिजलेल्या बीन्सना ३ ते ४ मोठे चमचे तेल. बारीक चिरलेला कांदा सोनेरी होऊन कडेने तपकिरी व्हायला लागेपर्यंत परतायचा. मग एक डाव बीन्स थोड्या कढणासकट घालायच्या. चर्र आवाज झाला पाहिजे. तिथेच मॅशरने चेचायच्या, जरा आटल्या की दुसरा डाव. सगळं एकदम ओतलं की तेल वर तरंगतं आणि बीन्स नुसत्या उकळत बसतात. डावाडावाने घातलं की तेल आत मुरतं. शेवटी डाव ओढला की कढईचा तळ क्षणभर दिसावा आणि मिश्रण हळूच परत मिळून यावं. तिथे गॅस बंद.

गार झाल्यावर गोळा होतो तो पिठूळपणामुळे. कितीही सांभाळा, थंड झाले की घट्ट होणारच. म्हणून हवे त्यापेक्षा सैलसर, पळीवाढे असतानाच उतरवायचे. पाच मिनिटांत आपोआप बेतास बात होतात. दुसऱ्या दिवशी गरम करताना दोन-चार चमचे कढण किंवा पाणी घालून घोटले की पुन्हा मऊ.

रानपाखरू
"एक थेंबही सिंकमध्ये जायला नको" हे फ्रिजवर चिकटवणार आहे.

चिकित्सक
वरचा प्रतिसाद उत्तम. भिजवण्याबद्दल भर घालतो.

रात्रभर भिजवा, आणि भिजवतानाच पाण्यात मीठ घाला. लिटरमागे साधारण २ चहाचे चमचे. मिठाने बीन्स कडक होतात असं बऱ्याच घरांत मानतात, पण भिजवणीत उलट घडतं. सालीतल्या पेक्टिनला (पेशी जोडून ठेवणाऱ्या द्रव्याला) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून असतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, साल मऊ होते आणि शिजताना फाटत नाही. नंतर ते पाणी ओतून, बीन्स धुऊन, नव्या पाण्यात शिजवायच्या.

बीन्सना खरोखर अडवतं ते आम्ल. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर हे सगळं दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच. सुरुवातीला टोमॅटो पडला तर तासन् तास शिजवा, दाणा हटून बसतो. पाणी जड असेल तरी तोच त्रास, कारण त्यातही कॅल्शियम. अशा वेळी एका पौंडाला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा पुरतो. जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

आणि जुना माल घेऊ नका. उष्ण, दमट जागी महिनोन् महिने पडलेल्या बीन्स कितीही शिजवल्या तरी कडकच राहतात. स्वस्तात मिळाल्या म्हणून आणल्या आणि दुप्पट गॅस जाळला, तर मग बचत ती काय झाली? सुरकुतलेले, साल निघालेले, तुटके दाणे जास्त दिसले तर ती पिशवी सोडून द्या.

वाटसरू
भिजवण्याला माझा विरोध नोंदवतो, निदान काळ्या बीन्सपुरता.

मी मेक्सिकोत ओआहाकाला एका घरात खोली घेऊन राहत होतो. घरमालकीणबाई काळ्या बीन्स कधीच भिजवत नसत. निवडायच्या, धुवायच्या आणि थेट भांड्यात. भिजवून पाणी ओतलं की काळा रंग त्या पाण्याबरोबर जातो आणि उरतं ते करड्या रंगाचं फिकट कढण, असं त्यांचं म्हणणं, आणि ते डोळ्यांना दिसतं. न भिजवलेल्या काळ्या बीन्सचं कढण इतकं गर्द असतं की वाटीचा तळ दिसत नाही.

त्यांची परतायची पद्धत पाटावरवंटा ताईंच्या रीतीपेक्षा निराळी. कोरड्या तव्यावर, म्हणजे त्यांच्या कोमालवर, एवोकाडोची दोन-तीन वाळकी पानं टाकायची. पान चुरचुरून कडेने वळायला लागलं की बडीशेपेचा वास घरभर. लगेच उचलायचं, कारण पुढच्या काही सेकंदांत करपतं. मग ती पानं, एखादी भाजलेली सुकी मिरची, लसूण आणि बीन्स, सगळं कढणासकट वाटायचं आणि त्या गुळगुळीत वाटणाला गरम चरबीत सोडायचं. बाई कढईजवळून हलत नसत. वाटण फुटून अंगावर उडतं, म्हणून एका हातात झाकण ढालीसारखं धरलेलं. दहा-बारा मिनिटांत ते आटून चकचकीत होई.

पानं मेक्सिकन जातीच्या झाडाचीच लागतात. इतर जातींच्या पानांना तो वास नसतो, आणि सगळीच पानं खाण्याजोगी नसतात. कुठल्याही झाडाची तोडून घालू नयेत. वाळवलेली, खाण्यासाठी म्हणून विकतात ती घ्यावीत.

चिकित्सक
वाटसरू, काळ्या बीन्सच्या रंगाचा मुद्दा मान्य. पण वेळ? न भिजवता उघड्या भांड्यात किती लागतो तेही सांगा, धागा बचतीचा आहे.

वाटसरू
दोन तास सहज, कधी जास्तच. पण त्या घरात प्रेशर कुकर होता आणि त्या तो बिनधास्त वापरत. न भिजवलेल्या काळ्या बीन्सना दाबाखाली अर्धा तास पुरे. परंपरा म्हणून कोणी तिथे मुद्दाम लाकडं जाळत बसत नाही.

हिशेबनीस
मग हिशेब जुळला. भिजवलेल्या पिंटोंना शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर १० ते १५ मिनिटं, न भिजवलेल्यांना अर्धा तास. फरक पंधरा-वीस मिनिटांच्या बारीक आचेचा. ज्याला आदल्या रात्री आठवण राहते त्याने भिजवावं.

कुकर निम्म्याच्या वर भरू नका. बीन्स फेसाळतात आणि फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. चमचाभर तेल टाकलं की फेस कमी येतो.

गोगलगाय
माझ्याकडे स्लो कुकर आहे आणि लाल राजमा पडलाय बराच. सकाळी कच्चा राजमा आणि पाणी घालून 'लो'वर ठेवला, संध्याकाळी येऊन परतला, असं चालेल का? वीजही फार लागत नाही.

चिकित्सक
नाही! गोगलगाय, हे करू नका.

कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या वांत्या, मग जुलाब. स्लो कुकरच्या 'लो'वर पाणी उकळीपर्यंत पोचेलच असं नाही, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरू शकतो. दाणा मऊ लागतो म्हणून माणूस फसतो.

किमान ५ तास भिजवा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळखळून उकळा. १० मिनिटांच्या उकळीने विष नष्ट होतं, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे आणि घरी तोच पाळावा. त्यानंतर खुशाल स्लो कुकरमध्ये टाका. प्रेशर कुकरमध्ये ही चिंता नाही. पिंटो आणि काळ्या बीन्समध्ये हे द्रव्य कमी असतं, तरी आधी उकळण्याचा नियम त्यांनाही लावा.

गोगलगाय
बापरे. विचारलं ते बरं झालं. पिशवीवर यातलं एक अक्षर नाही. चिकित्सक, मनापासून आभार.

पाटावरवंटा
गोगलगाय, लाल राजम्याचे रिफ्राइड होतात, पण साल जाड आणि गर जरा पिठूळ. चाळणीतून घासून घेतलात तर बरे लागतील. मेक्सिकोत उत्तरेकडे पिंटो, मधल्या भागात बायो, गुलाबीसर फ्लोर दे मायो, पिवळट पेरुआनो, आणि दक्षिणेत व आखाताच्या किनाऱ्याला काळ्या. सर्वांत लोण्यासारख्या मऊ होतात त्या पेरुआनो, त्याच मायोकोबा नावाने बाहेरही मिळतात. खिशाच्या दृष्टीने मात्र पिंटो.

मूगगिळून
गॅस वाचवायच्या धाग्यात इतके प्रतिसाद झाले आणि 'त्या' गॅसचा विषय कोणीच काढला नाही? मी काढतो. आमच्या घरी बीन्स केल्या की रात्री सगळ्या खिडक्या उघड्या.

रानपाखरू
हाहाहा! मी वाटच बघत होते कोण पहिलं बोलतंय.

चिकित्सक
मूगगिळून, प्रश्न रास्त आहे. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, त्यातून गॅस होतो. भिजवणीचं पाणी ओतून दिलं की या शर्करांचा काही भाग जातो. म्हणून पोटाचा त्रास असणाऱ्याने काळ्या बीन्सही भिजवाव्या, रंग गेला तरी चालेल. आणि महिन्यातून एकदा परातभर खाण्यापेक्षा रोज थोड्या खाल्ल्या की पोट रुळतं.

वाटसरू
मेक्सिकोत यासाठी एपासोते घालतात, काळ्या बीन्समध्ये तर हमखास. शिजत आल्यावर एक डहाळी. उग्र वासाची पालेभाजी आहे, पहिल्यांदा नाक मुरडाल, नंतर तिच्याशिवाय बीन्स ओकेबोके वाटतील.

उंबरठा
मूळ प्रश्नातला चरबीचा भाग मागे पडतोय. शाकाहारी म्हणून मी यावर बराच वेळ घालवला आहे, तेव्हा ठामपणे सांगते: चव येते. पण नुसतं चरबीच्या जागी तेल घातलं तर येत नाही, तेलाला आधी काहीतरी द्यावं लागतं.

पाव कप तेलात जाड चिरलेला कांदा मंद आचेवर ठेवा. सोनेरी झाला, थांबू नका. कडा गडद तपकिरी होऊ द्या, काळ्या नव्हे. त्यात लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या आणि एक सुकी मिरची घाला. चिले दे आर्बोल असेल तर उत्तम, धुरकट चव हवी तर चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची. मिरची फुगली की बाहेर. आता कांदाही काढून घ्या, तो वरून घालायला उपयोगी पडतो. त्या तेलात बीन्स परतायच्या. तेल बीन्सला नुसतं वंगण देत नाही, कांद्या-लसणाचा सगळा खमंगपणा आत घेऊन जातं.

आणि कृपा करून तेलात काटकसर करू नका. पाणीच घालून घोटलेल्या बीन्स हा निराळा पदार्थ आहे. पाव कप तेलाला काही मोठा खर्च येत नाही, बाकी सगळं तर जवळपास फुकटात पडतंय.

डबे आणणाऱ्या शाकाहाऱ्यांनी घटकांची यादी वाचावी. 'ट्रॅडिशनल' लिहिलेल्या बऱ्याच डब्यांत डुकराची चरबी असते. 'व्हेजिटेरियन' असं स्वच्छ लिहिलेलाच घ्या.

पाटावरवंटा
उंबरठा, तेलाची कृती सुरेख आहे. तरी जे मांसाहारी आहेत त्यांना सांगेन की मांतेका, म्हणजे चरबी, एकदा वापरून बघा. तिचा भाजका स्वाद आणि गार झाल्यावरही जिभेवर राहणारा मऊपणा तेलाला जमत नाही. पुएब्लातल्या माझ्या शेजारणींनी तेलातले रिफ्राइड पानात घेतलेच नसते.

उंबरठा
ताई, मग इतिहासही बघूया. डुकरं मेक्सिकोत आली ती स्पॅनिश लोकांबरोबर, १५१९ नंतर. बीन्स तिथे हजारो वर्षं पिकत होत्या. चरबीची चाल गेल्या ५०० वर्षांतली. तेव्हा 'अस्सल' कशाला म्हणायचं?

पाटावरवंटा
५०० वर्षं कमी वाटतात होय तुम्हाला? एवढ्या काळात पदार्थ घडतो, मुरतो. चरबीआधी बीन्स शिजत होत्या, पण आज आपण ज्याला रिफ्राइड म्हणतो ते चरबी आल्यावरचंच. तुमच्या घरी तेल, माझ्या घरी चरबी. माझं मत मात्र हलत नाही.

निशाचर७
थोडं अवांतर, पण मला हा विषय फार जवळचा आहे. बीन्सची ही जात माणसाने अमेरिका खंडात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीखाली आणली, एक मेक्सिकोच्या बाजूला, दुसरी अँडीज पर्वतरांगांत. आणि मेक्सिकोतली शेतीची जुनी पद्धत, मिल्पा, तिच्यात मका, बीन्स आणि भोपळा एकाच शेतात. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन बीन्सचा वेल चढतो, बीन्सच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात.

ताटातही तीच जोडी. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, बीन्समध्ये भरपूर. बीन्समध्ये मेथिओनिन कमी, ते मका भरून काढतो. टोर्तियावर, म्हणजे मक्याच्या पोळीवर, बीन्स घेतल्या की प्रथिनांची उणीव भरून निघते, आणि हे प्रयोगशाळा जन्मायच्या कितीतरी आधी लोकांच्या जेवणात ठरून गेलं होतं. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते या शेतापासून ताटापर्यंतच्या साखळीसकट. दुपारचं_ऊन ताई साध्या घरांचा पदार्थ म्हणाल्या, त्याच्या मागे एवढं शहाणपण आहे.

रानपाखरू
निशाचर, काय सुंदर लिहिलंस. यावर वेगळा धागा काढ ना.

टिंबटिंब
सगळं छान आहे, पण मी डब्याची बाजू घेतो. दोघं नोकरी करणारी, घरी यायला रात्रीचे आठ. कोण भिजवणार, कोण शिजवणार, कोण कढईजवळ उभं राहणार? वेळेलाही किंमत आहे. डबा उघडला, गरम केला, जेवलो.

दुपारचं_ऊन
टिंबटिंब, तुमचं पटतं. मीही त्याच घाईतली आहे, म्हणून तर एकदम जास्त करून ठेवायचं विचारतेय. मधला मार्ग आहे का?

पाटावरवंटा
आहे. टिंबटिंब, साध्या शिजवलेल्या बीन्सचा डबा आणा, रिफ्राइडचा नको. शक्य असेल तर बिनमिठाचा. आतलं पाणी ओतू नका, त्यात कढणाचा दाटपणा आहे. मात्र मीठ घातलेला डबा असेल तर अर्धं पाणी काढून साधं पाणी घाला. उंबरठांच्या कांदा-लसूण तेलात परतायला पंधरा-वीस मिनिटं. सुक्या बीन्सपेक्षा महाग, पण तयार रिफ्राइडपेक्षा चव कितीतरी वर.

हिशेबनीस
आणि सुट्टीच्या दिवशी एकदाच कुकर लावणारे असतील त्यांच्यासाठी फ्रीजरची पद्धत. बीन्स शिजवून कढणासकट दीड-दीड कपाच्या पिशव्या करा. हा साधारण एका साध्या डब्याचा माल, त्यामुळे डब्याच्या मापाने लिहिलेल्या सगळ्या कृती तशाच चालतात. पिशव्या आडव्या, चपट्या गोठवायच्या. लवकर गोठतात, लवकर सुटतात, जागाही कमी. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चव छान राहते. साध्या फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस, आणि शिजल्यावर दोन तासांच्या आत आत गेल्या पाहिजेत. मोठं पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. मधला भाग कोमट राहतो आणि नासाडी तिथूनच सुरू होते. उथळ भांड्यांत काढा.

टिंबटिंब
चपट्या पिशव्यांची कल्पना आवडली. या शनिवारी करून बघतो, मगच पुढचं भांडण.

कुतूहल
मातीच्या भांड्यात शिजवलेल्या बीन्सना वेगळी चव येते म्हणतात. मला मेक्सिकोहून एक सुंदर रंगीत ओया (मातीचं मडकं) भेट मिळाली आहे. त्यात करू का?

वाटसरू
चव खरंच येते. पण कुतूहल, आधी लकाकी कसली आहे ते बघा. पारंपरिक भांड्यांवरच्या चकाकीत शिसं असू शकतं, ते अन्नात उतरतं, आंबट पदार्थ असेल तर जास्तच. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने इजा होते. शिसं नसल्याची खात्री असेल तरच चुलीवर चढवा. नाहीतर शोभेला ठेवा आणि बीन्स स्टीलच्या भांड्यात करा.

मूगगिळून
एकदा केलेल्या बीन्स रोज त्याच रूपात आल्या तर घरात बंड होईल. काय काय करता?

पाटावरवंटा
कशाला बंड होईल! माझा क्रम असा. पहिल्या दिवशी कढणासकट वाटीत, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी रिफ्राइड, टोस्टाडावर पसरून. तिसऱ्या दिवशी मोयेतेस: बोलियो नावाचा पाव उभा चिरायचा, आतला मऊ भाग थोडा काढायचा, रिफ्राइड बीन्सचा जाड थर, वर चीज, आणि चीज वितळून बुडबुडे येईपर्यंत भाजायचं. वरून पिको दे गायो, म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून लिंबू पिळलेलं. मेक्सिकोत विद्यार्थी यावरच पोट भरतात.

उरलंसुरलं संपवायला एनफ्रिहोलादास. बीन्स कढण घालून सॉससारख्या पातळ करायच्या, टोर्तिया तेलात जराशा फिरवून त्यात बुडवायच्या, घडी घालून ताटात, वर चुरलेलं चीज आणि कच्चा कांदा. शिळ्या टोर्तियाही सत्कारणी लागतात.

वाटसरू
युकातानला काळ्या बीन्स वाटून, गाळून 'फ्रिहोल कोलादो' करतात. ते इतके मुलायम असतात की लहान बाळही गिळेल.

दुपारचं_ऊन
मंडळी, केल्या! पिंटो घेतल्या, मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवल्या, कुकरमध्ये शिट्टीनंतर पंधरा मिनिटं. दाणा बोटांत अक्षरशः विरघळला. कढणाची वाटी तिथेच उभ्या उभ्या प्यायले, मिठाची चिमूट आणि लिंबू घालून. एवढी चव असलेलं पाणी लोक ओतून देतात?

मग उंबरठांचं तेल. कांदा खूप गडद होईपर्यंत थांबायला धीर लागतो, पण त्याचं सोनं झालं. डावाडावाने घातल्यावर पहिल्या डावाला जो चर्र आवाज आला, त्यानेच मुलं स्वयंपाकघरात आली. पळीवाढ्या असताना उतरवल्या, जेवायला बसेपर्यंत बरोबर घट्ट झाल्या. मीठ डब्यातल्यापेक्षा पुष्कळ कमी घातलं आणि कोणाला कळलंही नाही. चार पिशव्या फ्रीजरमध्ये गेल्या आहेत.

पाटावरवंटा ताई, चरबीशिवायही जमतं हो! तुमचं मत बदललं नाही तरी एकदा उंबरठांच्या तेलात करून बघा, एवढीच विनंती.

पाटावरवंटा
तुमच्यासाठी करीन. चिपोत्ले घालून.

उंबरठा
मी हे वाक्य जपून ठेवतेय.

गोगलगाय
माझाही राजमा झाला. भिजवला, पाणी ओतलं, अर्धा तास खळखळून उकळला, मग स्लो कुकरमध्ये. चाळणीतून घासला ते फारच कष्टाचं काम निघालं, पण साल गेल्यावर पोत एकदम बदलला. चाळणीत उरलेल्या सालींचं काय करता येईल? टाकवत नाहीत.

हिशेबनीस
गोगलगाय, टाकू नका. थोड्या कढणाबरोबर मिक्सरमध्ये अगदी गंधासारख्या बारीक करा आणि परत त्याच बीन्समध्ये मिसळा. सालीत भरपूर तंतू असतो. मिक्सर चांगला असेल तर पुढच्या वेळी चाळणीच्या भानगडीत न पडता सगळंच वाटून घ्या.